ओल्शेवोचा डोंगर

सोव्हिएत युनियन फुटल्यानंतरच्या वर्षांत दुबईच्या देरा भागातल्या दुकानांवर रशियन गिऱ्हाइकांची झुंबड असे. फरचे कोट, टेपरेकॉर्डर, चादरींचे गठ्ठे, वाटेल ते ती माणसं विमानात भरून नेत. त्यामुळे मलबारी असो की पठाण, प्रत्येक दुकानदार चार रशियन शब्द शिकून दारात उभा असायचा. कुमुद भाजीची पिशवी घेऊन तिथून निघाली की दोन्ही बाजूंनी तिला रशियन हाका सुरू व्हायच्या. अंगावर काठापदराची साडी, कपाळावर टिकली, पण दुकानदारांना दिसायचे ते तिचे निळे डोळे आणि दुधासारखी कातडी.

"अरे जा की गप," कुमुद म्हणायची. "मला रशियन शिकवतोय! तुझ्यासारखे छप्पन्न बघितले मी कोल्हापुरात."

दुकानदार तोंड उघडं टाकून बघत राहायचे. गंमत म्हणजे त्यांचा शब्द न् शब्द तिला कळायचा, आणि कळायचा म्हणूनच ती भराभर पावलं उचलायची. ती भाषा पहिल्यांदा तिच्या कानावर पडली तेव्हा ती जेमतेम सहा वर्षांची होती आणि बोलणाऱ्याच्या हातात बंदूक होती.

कुमुदचं जन्माचं नाव ब्रोन्या. पोलंडच्या पूर्व टोकाला, दलदलीच्या कडेनं ओल्शेवो नावाची गमिना आहे. गमिना म्हणजे आपल्याकडे पाच-सहा वाड्या मिळून एक ग्रामपंचायत असते, तसलाच प्रकार. तिथं तिचे वडील जंगलाचे रखवालदार होते. घर गावात नव्हतं, रानाच्या कडेला एकटंच होतं. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात रशियन शिपाई आले आणि सगळ्यांना मालगाडीत घालून उत्तरेकडे लाकूडतोडीला घेऊन गेले. वडील तिथंच संपले. पुढे सुटका झाली तेव्हा आई तिला घेऊन कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचली. बंदरावर उतरताच उवांसाठी सगळ्यांची, बायकांचीसुद्धा, डोकी भादरली, कपडे जाळून टाकले आणि तेहरानच्या छावणीत नेलं. तिथं तापाची साथ आली. माय-लेकी दोघी आजारी पडल्या, आणि लेक हॉस्पिटलातून बाहेर आली तेव्हा आई नव्हती.

हे सगळं तिला नंतर कुणीतरी सांगितलेलं. तापानं तिच्या डोक्यातून इराण साफ पुसून नेलं होतं. सांगणारी होती स्टेफानियाबाई. कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची मोठी छावणी वसवली होती, तिथं अनाथ मुलींना ही बाई सांभाळायची. उंच, रुंद खांद्यांची, डोक्यावर हा एवढा अंबाडा. छावणी उठली तेव्हा बाकीचे कुणी इंग्लंडला गेले, कुणी आफ्रिकेत. ब्रोन्या त्या वेळी छाती नाजूक म्हणून पाचगणीला नन्सकडे होती. तिला न्यायला कुणी आलंच नाही. पुढं मिरजेच्या दवाखान्यात ती नर्सिंग शिकली. तिथं उल्हास मोडका हात गळ्यात बांधून आला, आणि हात बरा झाल्यावरही येत राहिला. राजारामपुरीतल्या किराणा दुकानदाराचा हा मुलगा एका गोऱ्या पोरीला घरी घेऊन आला तेव्हा सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पाण्यातल्या कुमुदिनीगत पांढरीफटक हाय. कुमुद म्हणा."

झाली कुमुद. कांदा-लसूण मसाला डोळे न पुसता कुटायला शिकली. कोल्हापूरच्या बायकांसारखी 'मी आलो, मी गेलो' म्हणायला लागली. उल्हास गेल्यावर दुबईला मुलाकडे राहायला आली तरी तिची भाषा सुटली नाही. सून अनुपमा पुण्याची. ती दुबईच्या मराठी मंडळातल्या बायकांना सांगायची, "पोलंडच्या सासूबाई म्हटल्यावर लोक माझ्याकडे केक खायच्या आशेनं येतात आणि नाका-डोळ्यांतून पाणी गाळत परत जातात."

ओल्शेवोबद्दल मात्र कुमुदचं घरात सगळ्यांना सांगून झालं होतं. मुलगा देवदत्त लहान असताना त्यानं ऐकलं, मग त्याची मुलगी पर्णिका ऐकत मोठी झाली. रानातलं एकटं घर. अंगणात खांबाला बांधलेला दोर. दोरावर पांढऱ्या चादरी. आई एकेक चादर झटकून वाळत घालते आहे, डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं, हात कोपरापर्यंत लाल झालेले. ती वळून हसते. आणि तिच्या पाठीमागं मोठा डोंगर आहे, संध्याकाळी गुलाबी होणारा.

आईचा चेहरा असलेली कुमुदकडे एवढी एकच आठवण होती. आणखी एक होती, पण ती डोळ्यांत नव्हती, मुठीत होती: रात्री झोपताना आईच्या वेणीचं टोक धरून ठेवायची सवय. फोटो नव्हता. कपड्याची चिंधीसुद्धा नव्हती. म्हणून डोंगर महत्त्वाचा. एकदा जावं, त्या अंगणात उभं राहावं, डोंगर बघावा. डोंगर काही कुठं जात नाही. तो दिसला की त्याच्यापुढं आई कुठं उभी होती ते नेमकं कळेल, असं तिनं मनाशी धरलं होतं.

उल्हास असताना ते जमलं नाही. तिकडचं सरकार वेगळं, इकडे दुकानाचा व्याप. मग देवदत्त म्हणायला लागला, "पुढच्या समरला नक्की, आई. इन्शाल्ला."

"तुझं इन्शाल्ला म्हणजे न्हाईच की रे," कुमुद म्हणायची.

देवदत्तचा खाद्यपदार्थांच्या आयातीचा धंदा होता. काजू, पिस्ते, वेलची आणि मिठाईवाल्यांना लागणारी दुधाची भुकटी. रास अल खोरला त्याचं गोडाऊन होतं आणि लक्ष्मीपूजन दरवर्षी तिथंच व्हायचं, पोत्यांच्या थप्प्यांमध्ये. त्या दिवाळीला अनुपमानं फोल्डिंग टेबलावर लक्ष्मी मांडली, गोडाऊन सांभाळणारा खैरुद्दीन मिठाईचे डबे घेऊन आला. तो रत्नागिरीचा, आरतीच्या वेळी बाहेर उभा राही आणि प्रसादाच्या वेळी बरोबर आत येई. कुमुदला गुडघ्यामुळे उभं राहवेना, म्हणून तिला एका नव्या थप्पीवर बसवलं. आरती चालू असतानाच ती वाकून पोत्यावरची अक्षरं वाचायला लागली.

"आई, टाळ्या वाजवा ना," अनुपमा हळूच म्हणाली.

कुमुद टाळ्या विसरली होती. पोतं होतं पोलंडच्या कुठल्याशा सहकारी दूध डेअरीचं. खाली डेअरीचा पत्ता छापलेला. ती पुटपुटली, बोटानं अक्षर न् अक्षर चाचपलं आणि आरती अर्धी असताना मोठ्यानं म्हणाली, "देवा, हे आमच्या गावचं दूध हाय रे!"

खैरुद्दीन बाहेरून धावत आला. त्याला वाटलं म्हातारीला चक्कर आली.

मग मात्र देवदत्तच्या अंगात आलं. त्यानं डेअरीला फॅक्स केला: आम्ही तुमचा माल घेतो आणि माझी आई तुमच्या गमिनेची आहे. उत्तर आलं. डेअरीच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या माल्गोझाता नावाच्या बाई फेब्रुवारीत खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनासाठी दुबईला येणार होत्या. त्यांना भेटायला फार आवडेल. त्याच आठवड्यात देवदत्तनं जूनची वॉर्सॉची तिकिटं सांगून ठेवली. चौघांची. अनुपमानं हिशेब दिरहममध्ये ऐकला, मनात रुपयांत केला आणि नुसतं "बरं" म्हणाली. त्या वर्षीच्या सुट्टीत पुणं होणार नव्हतं, आणि तिच्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत जूनमध्येच होती.

फेब्रुवारी येईपर्यंत कुमुद घरात पोलिश बोलायची सवय करत होती. भाजी निवडताना बोलायची, आंघोळ करताना बोलायची. पर्णिका म्हणायची, "आजी इज टॉकिंग टु द गीझर अगेन."

माल्गोझाताबाई आल्या त्या प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, पाय सुजलेले. दारात सॅण्डल काढल्या आणि समोर साडीतली म्हातारी बघून क्षणभर थबकल्या. कुमुदनं पाठ केलेलं स्वागताचं वाक्य म्हटलं. बाईंनी तोंडावर हात घेतला. मग हसल्या, मग डोळे पुसले.

"काय म्हणतायत?" देवदत्तनं विचारलं.

"म्हनतीय, मी तिच्या आज्जीसारखं बोलतो," कुमुद म्हणाली. "आणि तिच्या धाकट्या पोरीसारखं. दोन्ही एकदम."

खरंच होतं. कुमुदची पोलिश चौदाव्या वर्षी जिथं थांबली तिथंच होती. फ्रिजला शब्द नव्हता तिच्याकडे, पण गोठ्यातल्या प्रत्येक वस्तूला होता.

अनुपमानं पाहुणीसाठी सौम्य जेवण केलं होतं. कुमुदनं ऐकलं नाही, पांढरा रस्सा केलाच. बाई दोन वाट्या प्यायल्या आणि इंग्रजीत अनुपमाला म्हणाल्या, आमच्याकडे हिवाळ्यात असलं काहीतरी हवं. अनुपमाला पहिल्यांदाच सासूच्या स्वयंपाकाचा अभिमान वाटल्यासारखं झालं.

जेवण झाल्यावर बाईंनी पिशवीतून एक गुळगुळीत, रंगीत पुस्तिका काढली. त्यांच्या गमिनेनं नुकतीच छापली होती, पर्यटक यावेत म्हणून. पर्णिका आजीला चिकटून बसली. कुमुद पानं उलटत मराठीत सांगायला लागली आणि बाई मधून मधून पोलिशमध्ये भर घालू लागल्या.

"ही नदी. बघ, सरळ म्हणून जात न्हाई, नुसती गुंडाळ्या घेत जाती. उन्हाळा लागला की दोन्ही कडंला मैलन् मैल पाणी पसरतंय. गवत कापायला लोक नावेतनं जायचे. बाबा मला न्यायचे." तिनं पान उलटलं. "ओल्शा, ओल्शा म्हंजे हे झाड. पाण्यात पाय बुडवून उभं ऱ्हातंय. त्याच्यावरनंच गावाचं नाव. हे चर्च, लाकडाचं. जळलं होतं म्हनतीय, परत बांधलं. ही घरं बघ, खिडक्यांना लाकडाची नक्षी, जशी आपल्या साडीला काठ."

"आणि हे?" पर्णिकानं विचारलं. रस्त्याच्या तिठ्यावर उंच लाकडी क्रॉस होता, त्याला रंगीत फिती बांधलेल्या.

"मे म्हैन्यात संध्याकाळी बाया तिथं गोळा होत्यात आणि गाणी म्हनत्यात. मेरीमाईची." तिनं बाईंकडे बघितलं. "अजून?"

"अजून," बाई म्हणाल्या. "आता आम्ही सात-आठजणीच असतो. तरण्या पोरी वॉर्सॉला गेल्या."

दोघींनी एक ओळ गुणगुणली. सूर कुमुदला आठवत होता, शब्द बाईंनी पुरवले. गावाला आल्यावर क्रॉसपाशी उभं राहून पूर्ण म्हणायचं, असा कुमुदनं शब्द दिला. तारेच्या खांबावरचं करकोच्याचं घरटं निघालं, तेव्हा कुमुदनं टाळीच वाजवली. वितळलेल्या बर्फानं जमिनीतून वर ढकललेले मोठमोठे धोंडे निघाले. "हेच! हेच! शेतातनं काढून बांधाला लावायचे. बाबा म्हनायचे, आमच्या शेतात पहिलं पीक धोंड्यांचं." देवदत्त सोफ्यावर बसून आईकडे बघत होता. इतकी वर्षं ऐकलेलं सगळं छापलेलं निघत होतं. अनुपमासुद्धा खुर्ची ओढून जवळ आली. जूनला जे बघायचं ते हे, असा तिचा चेहरा होता.

पुस्तिका संपत आली. कुमुद मागं गेली, पुन्हा पुढं आली. मग बाईंना पोलिशमध्ये विचारलं, "डोंगर कुठाय?"

"कुठला डोंगर?"

"मोठा. आमच्या घरामागचा. रानाच्या कडंला."

बाई हसल्या. मग कुमुदचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं. "आमच्याकडे डोंगर नाही, ब्रोन्याबाई. सगळी गमिना ताटासारखी सपाट. सगळ्यांत उंच म्हणजे जुन्या पवनचक्कीचं वाळूचं टेकाड, ते हे." त्यांनी पानावर बोट ठेवलं. टेकाडावर एक गाय चरत होती आणि ती टेकाडापेक्षा मोठी दिसत होती. "पोरांना बर्फात घसरगाडी खेळायला चढ सापडत नाही. कालव्याच्या बांधावरून घसरतात बिचारी."

"लांबचा? शंभर मैलांवरचा?"

"तिकडंही नाही. नुसतं रान आणि पाणी."

कुमुदनं पुस्तिका मिटली. "काय झालं, आई?" देवदत्तनं विचारलं, पण ती ओटीचं साहित्य आणायला उठली. पाहुणीला निरोप देताना तिनं सगळं रीतसर केलं, ओटी भरली, बाईंनी दोन्ही गालांचे मुके घेतले. दार लागल्यावर ती म्हणाली, "डोंगर न्हाई म्हनती."

"बट आजी, इट्स सो सिम्पल," पर्णिका म्हणाली. तिला वाटलं, आपण मदत करतोय. "यू वेअर इन दॅट कॅम्प, ना? कोल्हापूरला? पपा म्हणतात तिथून जोतिबाचा डोंगर दिसतो. पन्हाळा पण. तू तो मिक्स केलास. इट हॅपन्स. आमच्या टीचरनी सांगितलंय, मेमरी असं करते."

"पर्णिका, झोपायला जा," अनुपमा म्हणाली.

पण बोललेलं बोलून झालं होतं. कुमुद रात्रभर तेच धरून बसली. वळिवड्याच्या छावणीतून जोतिबाचा डोंगर दिसायचा, हे खरंच. बराकीमागं दोर बांधलेले होते, हेही खरं. मग चादरी तिथल्याच. आणि डोंगर तिथला असेल, चादरी तिथल्या असतील, तर त्या झटकणारी बाई आई कशी असेल? आई तर वळिवड्याला पोचलीच नव्हती. ती स्टेफानियाबाई असणार. रुंद खांद्यांची, सगळ्यांची, दुसऱ्याच्या पोरींच्या चादरी धुणारी. एवढी वर्षं आपण एका पगारी बाईचं हसू आईचं म्हणून सांभाळलं.

सकाळी चहाच्या टेबलावर तिनं सांगितलं, "तिकिटं कॅन्सल कर, देवा. मला जायचं न्हाई."

"अगं, कन्फर्म झालीत! आता मध्येच काय?"

"तिथं माझं काय हाय? नदी हाय, ती मला कॅलेंडरवर बघता येती."

अनुपमानं कपात चमचा जरा जोरात फिरवला. "आई, मी पुण्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. दादाला वाईट वाटलं. तुमच्यासाठी म्हणून सगळ्यांनी सगळं जुळवलं, आणि आता एका डोंगरासाठी..."

"तुला कळायचं न्हाई."

"मग सांगा ना कळेल असं. तुम्ही सांगत नाही आणि मग मी वाईट."

कुमुदनं कप बाजूला सारला. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की आई हरवली? या वयात? लोक हसतील. ती उठून आपल्या खोलीत गेली.

नंतरचे कितीतरी दिवस ती घरात होती आणि नव्हती. मसाला कुटायचा राहिला. भाजीला खाली जाईना. पोलिश बोलणं बंद झालंच, मराठीही मोजकी झाली. पर्णिका एकदा खोलीच्या दारात येऊन "सॉरी आजी" म्हणून गेली, तिच्याही डोक्यावरून हात फिरवायचं कुमुदला सुचलं नाही. ती डोळे मिटायची, अंगण आणायची, दोर आणायची, चादरी आणायची. बाई वळायच्या आत डोळे उघडायची. न जाणो, अंबाडा दिसला तर.

शेवटी अनुपमानंच ठरवलं. मार्चमधल्या एका शुक्रवारी तिनं थालीपीठं बांधली, थर्मास भरला आणि नवऱ्याला म्हणाली, "हत्ताला जाऊ, दीड तासाचा तर रस्ता. आईंना बाहेर काढलं पाहिजे. भिंतीकडे बघून बघून भिंतीला भोकं पडतील."

कुमुद दुबईत राहिली त्याला इतकी वर्षं झाली, पण समुद्र आणि वाळू सोडून तिनं काही बघितलं नव्हतं. गाडीत तिला मळमळायचं. देवदत्तनं तिला पुढच्या सीटवर बसवलं, हातात आवळासुपारी दिली. शहर मागं पडलं. मग लाल वाळू आली, वाळूत उंट आले, पर्णिकाच्या कानात वॉकमन गेला. कुमुद डोळे मिटून बसली. तिच्या लेखी हा सगळा मुलूख इथपासून इराणपर्यंत असाच, सपाट आणि वाळूचा.

वाळू संपली, रस्ता वळला. देवदत्त म्हणाला, "आई, बघ."

समोर डोंगर होते. झाड नाही, झुडूप नाही, गवताची काडी नाही. उघडी तपकिरी अंगं, घड्या पडलेली, एकामागं एक, आणि कडेला ऊन लागून किंचित गुलाबी झालेली.

"थांबव," कुमुद म्हणाली.

"उलटी होतेय का? अनुपमा, पिशवी दे पटकन."

"पिशवी नको. थांबव रे गाडी."

ती उतरली. रस्त्याच्या कडेला खडी होती, तिच्यातून चप्पल सावरत ती दहा-वीस पावलं चालली. कोरडा वारा आला, त्याच्याबरोबर बारीक माती दातांखाली कचकचली. ही माती तिच्या दातांना माहीत होती. वळिवड्याच्या काळ्या मातीला अशी चव नव्हती. तिथला डोंगर लांबून निळा दिसायचा, पावसात हिरवा, उन्हाळ्यात पिवळा, आणि कायम झाडांची कड असलेला. हा नव्हे तो. तिच्या आठवणीतला डोंगर असाच होता, पाऊस कधी न बघितलेला.

तिनं तिथंच उभ्या उभ्या डोळे मिटले आणि या वेळी बाईला वळू दिलं.

बाई वळली. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. चादर उचलायला वाकली तेव्हा पाठीवरून वेणी पुढं आली नाही. मानेवर फडक्याखाली काहीच नव्हतं, नुसती पांढरी, हडकलेली मान. ओल्शेवोत आईची वेणी इतकी लांब होती की झोपलेल्या पोरीच्या मुठीपर्यंत यायची. वळिवड्यात स्टेफानियाबाईचा अंबाडा फडक्यात मावायचा नाही. केस नव्हते ते एकाच ठिकाणी आणि एकाच वेळी. बंदरावर भादरल्यावर. तापाच्या आधी.

अनुपमा मागं येऊन उभी राहिली होती, हातात प्लास्टिकची पिशवी तशीच. कुमुदनं तिचा दंड धरला.

"अनु, ती आईच हाय."

"कोण, आई?"

मग कुमुदनं सांगितलं. आईचा चेहरा एवढ्या एकाच आठवणीत कसा होता, डोंगर न्हाई म्हटल्यावर तो कसा गेला, आणि फडक्याखाली केस नसलेली बाई कोण असू शकते. सगळं, कळेल असं. वाऱ्यानं पदर उडत होता आणि अनुपमा तो धरून ऐकत होती.

"एवढं होतं, आणि तुम्ही मला नुसतं डोंगर डोंगर म्हणत होतात," ती शेवटी म्हणाली. "मी तुम्हाला चहाच्या टेबलावर काय काय बोलले."

"मीबी कुठं सांगितलं तुला."

गाडीपाशी जाऊन देवदत्तला परत सगळं सांगावं लागलं. तो बॉनेटला टेकून ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "तेहरानला डोंगर आहेतच. गावाच्या डोक्यावरच बसलेत. मी पिस्त्यांसाठी गेलो होतो ना, हॉटेलच्या खिडकीतून दिसत होते. संध्याकाळी गुलाबी होतात."

"मग मला बोलला न्हाईस ते?"

"तू कधी विचारलंस का? तू म्हणायचीस, इराणचं मला काही आठवत नाही, त्याचं नाव काढू नका."

हे खरं होतं. जिथं आई गेली ते नाव तिनं घरात कुणाला काढू दिलं नव्हतं. ओल्शेवो, ओल्शेवो करत राहिली. तिथं आई जिवंत होती, म्हणून.

थालीपीठं त्यांनी गाडीतच खाल्ली. पुढं हत्ताला जायचा कुणी विषय काढला नाही. कुमुदनं दोन खाल्ली, तिसरं मागितलं. पर्णिका मागच्या सीटवरून पुढं वाकली आणि म्हणाली, "आजी, तुझी आई तिथेच आहे? आय मीन, तिची ग्रेव्ह?"

"पोलिश लोकांचं दफन एकाच ठिकाणी केलंय म्हनायची स्टेफानियाबाई. तेहरानातच." कुमुदनं बोटं पुसली. "लांब हाय का रे, देवा?"

"तेहरान? विमानानं दोन तास. आपल्या मुंबईपेक्षा जवळ."

दोन तास. संध्याकाळी कुमुद खाडीवर फिरायला जायची तेव्हा समोर इराणचा माल भरलेल्या लाकडी नावा लागलेल्या असायच्या. त्यांच्या शेजारच्या बाकावर बसून ती दाणे खायची आणि ओल्शेवो किती लांब आहे याचा विचार करायची.

"जूनची तिकिटं..." देवदत्त म्हणाला.

"ओल्शेवोला जाऊ की. त्या बाईला शब्द दिलाय, क्रॉसपाशी गाणं म्हनायचं. पण पुढच्या वर्षी. तू यंदा पुण्याला जा, अनु, दादाची वास्तुशांत करून ये."

"आणि तुम्ही?"

"मी आणि देवा आधी जाऊन येतो."

"दोघंच कशाला?" अनुपमा म्हणाली. "वास्तुशांत एक दिवसाची असते. आपण सगळे जाऊ." ती नवऱ्याकडे वळली. "व्हिसाचं मात्र उद्याच बघा, तुमचं इन्शाल्ला नको."

देवदत्तनं गाडी वळवली. डोंगर मागं गेले, लाल वाळू पुन्हा सुरू झाली.

"तेहरान कुठल्या बाजूला येतं?" कुमुदनं विचारलं.

देवदत्तनं स्टिअरिंगवरचा हात सोडून उजवीकडच्या खिडकीकडे दाखवलं. "असं. सरळ वर. समुद्र ओलांडला की."

कुमुदनं सीटचा पट्टा थोडा सैल केला, अंग उजवीकडे वळवलं आणि पदर डोक्यावरून घेतला. गाडी दुबईकडे चालली होती. देवदत्त शेजारून, मागून अनुपमा आणि पर्णिका, सगळे तिच्याकडे बघत होते. तिला मळमळत नव्हतं. मान अवघडली असणार, पण घर येईपर्यंत तिनं ती सरळ केली नाही.